पुट्ट कुठंय?

बुधवार रात्र

गेल्या सप्टेंबरात, रात्री पावणेअकराला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण, तिचे वडील अप्पा म्हणजे माझे मामा. ती सोलापुरात होटगी रस्त्याच्या एका बंगल्यांच्या कॉलनीत राहते. "अरे, दाजींच्या उलट्या थांबेनात. पोरालाही आत्ता सुरू झाल्या. अप्पांनी रविवारी दिलेली ना, तसलीच अळंबी केली होती रे."

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. त्यामुळे नात्यातले साप, विंचू, गांधीलमाश्या आणि भूछत्रं यांची चौकशी माझ्याकडे येते. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या : ताबडतोब दवाखाना गाठ, आणि स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा रिकामा करू नकोस.

डॉक्टरांनी नाडी हातात घेताना एकच प्रश्न दोनदा विचारला. जेवण किती वाजता झालं आणि पहिली उलटी किती वाजता? जेवण साडेआठला, उलटी साडेदहाला. दोन तास म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मला ते कळलं, ताईला कळलं नाही. जी भूछत्रं खरोखर जीव घेतात, त्यांतलं अमाटॉक्सिन नावाचं विष लगेच काही दाखवत नाही. सहा तास, बारा तास, कधी चोवीस तास माणूस ठणठणीत असतो. मग उलट्या-जुलाब लागतात, मग दिवसभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळातच यकृत आतून निकामी होत जातं. उकळा, तळा, वाळवा, ते विष जात नाही. दोन तासांत उलटी झाली म्हणजे दुसरं काहीतरी, पोटाला आग लावणारं. पण एका पातेल्यात दोन जाती पडल्या असतील तर लवकर आलेला त्रास उशिरा येणाऱ्याला झाकून टाकतो. म्हणून दोघांना दोन दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं, यकृताच्या तपासण्या रोज केल्या. तपासण्या नीट आल्या. शुक्रवारी संध्याकाळी दोघं घरी.

पोरानं दोन घास खाल्ले होते. दाजींनी त्या कालवणाबरोबर तीन भाकरी हाणल्या होत्या. ताई शेवटी बसली, तिच्या वाट्याला रस्साच आला, तिचं नुसतं पोट दुखलं. सासूबाई अळंबी शिवतच नाहीत.

हे घर अळंबीला नवखं नाही. ताई लहानपणापासून अळंबी खात आलेली आहे, काळं तिखट आणि शेंगांचं कूट घालून ती करते तसं कालवण मामींनाही जमत नाही. मग तिची चूक नेमकी कुठं झाली? "ओळखता आलं नाही" एवढ्यावर मला हे सोडायचं नव्हतं. ओळखलं होतं की तिनं. जे दिसत होतं ते बरोबरच ओळखलं होतं.

रविवार, मामांचा बांध

मामांचं शेत नान्नजच्या बाजूला, माळढोक अभयारण्याच्या अलीकडं. खाली काळं रान, वर मुरमाड माळ. मधल्या बांधावर जुना लिंब आणि लिंबाच्या बुडाशी कमरेइतकं वारूळ, मामांच्या लग्नाच्या आधीपासूनचं. आमचा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. कोकणात आषाढात जे उगवतं, ते आमच्याकडं रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर दिसतं. त्या आठवड्यात उत्तरा नक्षत्रानं तीन दिवस झोडपलं होतं आणि रविवारी सकाळी वारुळाभोवतीची जमीन पांढरी झाली होती.

सुटी म्हणून मीही गेलो होतो. मी खुरपं काढलं तसे मामा म्हणाले, "वारुळाला हात लावायचा न्हाई. कडंनं काय उकरायचं ते उकर." नागपंचमीला मामी तिथंच हळद-कुंकू वाहतात. वारूळ बांधलं वाळवीनं आणि पूजा नागोबाची, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

कडेची एक अळंबी निवडून मी देठाच्या बाजूनं माती काढत गेलो. वर वीतभर देठ होता. जमिनीत शिरल्यावर तो संपायला हवा होता, पण संपला नाही. मुळासारखा निमुळता होत खाली खालीच गेला. 40 सेंटिमीटरवर खुरपं पोकळीत शिरलं. नारळ मावेल एवढी खोली, आणि तिच्यात अक्रोडाच्या गरासारखं सुरकुतलेलं, फिकट तपकिरी, ओलसर पोळं. पोळ्यावर राजगिऱ्याएवढे पांढरे ठिपके, आणि त्यांच्यामधून वाळवीची धावपळ.

मामा आयुष्यभर ज्याला अळंबी म्हणत आले, ते म्हणजे या खोलीतल्या बुरशीनं वर पाठवलेलं फळ. बुरशी खालीच असते, बाराही महिने. आपण बाजारात आंबा घेतो तेव्हा झाड कुठंतरी उभं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. भूछत्र बघताना मात्र आपण त्यालाच झाड समजतो.

या झाडाचा खुराक काय, ते ऐकल्यावर मामा खुरपं बाजूला ठेवून खाली बसले. मालदांडी ज्वारीचं धसकट, लिंबाचा पाला, गंजीतून चोरलेला कडबा, हे सगळं वाळवी खाते खरी, पण त्यातला लिग्निन नावाचा चिवट भाग तिला नीट पचत नाही. लाकडाला लाकूडपण देतो तोच हा भाग. ही वाळवी अर्धवट पचलेला चोथा विष्ठेच्या रूपानं या पोळ्यावर रचते आणि बुरशी तो चोथा फोडते. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपल्या धाग्यांच्या टोकांतून पाचक रस बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि विरघळलेलं तेवढं शोषून घेते. आपण जेवण पोटात नेतो, ती पोटच जेवणात नेते. मग ते पांढरे ठिपके वाळवी खाते आणि मऊ झालेलं जुनं पोळंही खाते. शेतीच ही. आफ्रिकेत वाळवीनं ती सुरू केली त्याला सुमारे तीन कोटी वर्षं झाली.

शेती म्हटल्यावर खुरपणीही आली. वसाहत मेली किंवा पोळं वाळवीविना पडून राहिलं, की काही दिवसांतच त्यावर दुसरी बुरशी बोटांसारखी उभी राहते. ती तिथं आधीपासूनच दबा धरून असते. वाळवी तिला वर येऊ देत नाही एवढंच. "म्हंजी आमच्या हराळीवानी," मामा म्हणाले. यापेक्षा चांगली उपमा मला वर्गात अजून सुचलेली नाही.

या अळंबीच्या कुळाला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात, म्हणजे वाळवीची बुरशी. रोजे एम या फ्रेंच अभ्यासकानं 1942 मध्ये हे कुळ वेगळं काढलं. धिंगरी अळंबी आपण सोयाबीनच्या नाहीतर गव्हाच्या काडावर शेडमध्ये पिकवतो, हिची मात्र वाळवीशिवाय व्यापारी लागवड जमलेली नाही. त्यामुळे ही अळंबी हवी तर आधी वारूळ हवं. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

मामींचा प्रश्न वेगळाच होता. शनिवारी वीज कडाडली म्हणून अळंबी आली ना? वीज पडते त्या दिवशी पाऊस आणि गारवाही असतो, श्रेय विजेला जातं. जपानात शिताके नावाच्या अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन पीक वाढतं का, याचे प्रयोग मात्र खरंच झाले आहेत, म्हणून मी मामींना खोटं पाडलं नाही. रातोरात उगवण्यामागचं कारण साधं आहे. जमिनीखाली कळी तयार होते तेव्हाच तिच्यातल्या बहुतेक पेशी बनून गेलेल्या असतात. जमिनीत पाणी मुरलं की त्या पेशी पाणी पिऊन फुगतात, आणि भूछत्रात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कष्टाचं काम आधी महिनोन्महिने खाली झालेलं असतं. आमच्या काळ्या मातीची वाळल्यावर काय ढेकळं होतात ते सोलापूरकरांना सांगायला नको. ती भेदण्यासाठी वारुळाच्या अळंबीच्या टोपीवर मधोमध एक टणक, करडं टोक असतं, गिरमिटासारखं.

मामांची तोडायची रीत ठरलेली. कळ्या आणि अर्धवट मिटलेल्या टोप्याच घ्यायच्या, छत्री पुरती उघडली की सोडायची. "ती वारुळाची," ते म्हणतात. चवीच्या दृष्टीनं हे बरोबर आहे, उघडलेलीत अळ्या लवकर होतात. आणि वारुळाच्या दृष्टीनंही बरोबर आहे. जूनच्या पहिल्या पावसात दिव्याभोवती घिरट्या घालणारी पंखांची वाळवी आठवा. त्यातलीच एखादी जोडी पंख टाकून जमिनीत शिरते आणि नवी वसाहत सुरू करते. बऱ्याच जातींत ही राजा-राणीची जोडी बुरशी सोबत आणत नाही. त्यांची पहिली कामकरी पिल्लं मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत जुन्या वारुळांवर अळंबी उघडलेली असते, तिचे बीजाणू पालापाचोळ्यावर पडलेले असतात, आणि चारा गोळा करता करता ती पिल्लं बियाणंही घरी नेतात. मामांनी सोडलेल्या छत्र्या म्हणजे शेजारच्या वारुळांची बियाण्याची पिशवी.

त्या दिवशी किलोभर कळ्या निघाल्या. अर्ध्या मामांनी ताईला पाठवल्या. त्या तिनं रविवारीच केल्या, सगळ्यांनी खाल्ल्या, कुणाला काही झालं नाही.

हिरवळीतलं रिंगण

बुधवारी सकाळी ताईनं दार उघडलं तर समोरच्या हिरवळीवर तसलीच पांढरी छत्री. एक नाही, रिंगणानं उभ्या. "अप्पांची अळंबी आमच्या दारात आली," असं तिनं मैत्रिणीला फोनवर सांगितलंसुद्धा.

गुरुवारी मी टेप घेऊन गेलो. रिंगण 3.2 मीटर रुंद, जवळजवळ गोल, पायवाटेपाशी तुटलेलं. उभ्या छत्र्या 23, शिवाय ताईनं तोडलेल्यांची बुडखं. भूछत्रांच्या पट्ट्यात गवत गर्द हिरवं आणि उंच, त्याच्या आत एक पिवळट, करपलेला पट्टा, आणि अगदी मध्ये पुन्हा नेहमीचं गवत. माळीकाकांचं म्हणणं, कुणीतरी युरिया गोल सांडलाय.

निदान चुकलं तरी त्यांची नजर बरोबर जागी गेली होती. लॉन बसवताना खाली शेणखत, भुसा आणि बांधकामातली लाकडं दडपलेली होती. तिथं कधीतरी बीजाणू रुजले. बीजाणूपासून निघणारा धागा केसापेक्षाही कितीतरी बारीक असतो आणि तो टोकाशीच वाढतो. एकटा असेल तर तो छत्री उभारू शकत नाही. दुसऱ्या बीजाणूचा, जुळणारा धागा भेटावा लागतो, मग दोघं मिळून संसार थाटतात. हे जाळं सगळ्या बाजूंनी सारख्या वेगानं पसरतं. आतलं अन्न संपतं, जुना भाग मरतो, जिवंत कड बाहेर सरकत राहते. तव्यावर सोडलेल्या धिरड्याची कड सरकावी तशी. बुरशी कुजकं फोडते तेव्हा त्यातला नायट्रोजन मोकळा होतो आणि गवताला आयतं खत मिळतं, तोच माळीकाकांचा युरिया. आणि धाग्यांची दाट गादी झाली की तिच्यातून पाणी झिरपेनासं होतं, म्हणून आतला पट्टा करपलेला. आमच्याकडं उन्हाळ्यात घोटभर पाण्याची ओढ असते, पण कॉलनीतल्या लॉनवर रोज फवारा चालतो. सोलापुरात या बुरशीला दुसरीकडं कुठं इतका ओलावा मिळाला असता?

मी उकरून बघितलं. देठाचं बूड किंचित फुगीर, बोटभर खोलीवर संपलेलं. खाली पांढऱ्या धाग्यांनी बांधलेला भुसा. मुळासारखी शेपूट नाही, पोळं नाही, वाळवी नाही. टोपीवर टणक टोकाऐवजी तपकिरी खवले, मध्ये दाट, कडेला विरळ. देठावर कडं, आणि ते बोटानं वरखाली सरकवता येत होतं.

मग ताईला हे दिसलं कसं नाही? तिनं मोठ्या छत्र्या तोडल्याच नव्हत्या. वडिलांची शिकवण, कळ्याच घ्यायच्या. कळीत खवले अजून सुटे झालेले नसतात, टोपी पांढरट-तपकिरी गुळगुळीत दिसते, कडं मिटलेलं असतं, आणि टोपीखालचे पातळ पडदे दोन्ही जातींत पांढरेच. वारुळापाशी जो नियम चाळीस वर्षं चालला, त्याच नियमानं हिरवळीवर ओळख पटवणारं सगळं काही वगळून टाकलं. चांदीचं नाणं पातेल्यात टाकून बघायचं, लसूण काळी पडते का पाहायचं, मुंग्या लागतात का पाहायचं, यातलं तिनं काही केलं नाही. केलं असतं तरी उपयोग शून्य. या परीक्षांना कसलाही आधार नाही.

मी गुडघ्यावर बसून हे करत होतो तेव्हा शेजारच्या आक्का कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्यात पुट्टगोडुगु म्हणतात की याला. पण मग पुट्ट कुठंय?"

पुट्ट म्हणजे वारूळ, गोडुगु म्हणजे छत्री. वारुळाची छत्री. ती कुठं उगवते, हे त्या भाषेनं नावातच बांधून ठेवलंय. त्याच भाषेत कुक्कगोडुगु असाही शब्द आहे, कुत्र्याची छत्री. कानडीत नायीकोडे, तीही कुत्र्याचीच छत्री, आणि आपल्या मराठीत तर आहेच. सोलापुरातल्या तिन्ही भाषांनी नको ती छत्री कुत्र्याच्या नावावर केली आहे. मी वीस वर्षं शिकवतोय, पण भूछत्र हातात घेतल्यावर आधी त्याचं जेवण कुठलं हे विचारावं, असं मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. पडलेलं खोड, शेणखत, वारूळ, जिवंत झाडाचं मूळ : प्रत्येक बुरशीचं ताट ठरलेलं असतं. ताट कळलं म्हणजे जात कळली असं नाही, पण ताटच वेगळं असेल तर ती जात नव्हेच.

वाटीखालचा कागद

मामा गुरुवारी दुपारी दवाखान्यात आले ते टॉवेलात एक उघडलेली अळंबी गुंडाळूनच. बांधावरची, त्याच वारुळाची. जावयाला आपल्या अळंबीनं काही झालेलं नाही हे त्यांना सिद्ध करायचं होतं. कुणी त्यांना दोष दिलाही नव्हता. मी ती अळंबी ठेवून घेतली.

रात्री टेबलावर दोन कागद मांडले, प्रत्येक अर्धा पांढरा, अर्धा काळा. एकावर मामांची टोपी, दुसऱ्यावर लॉनवरची, पडदे खाली करून. वर वाट्या पालथ्या घातल्या.

वाटीखाली रात्रभर काय चालतं ते रेजिनाल्ड बुलर या संशोधकानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला बारकाईनं पाहिलं होतं. पडद्यांच्या दोन्ही अंगांना बीजाणू बारीक देठांवर बसलेले असतात. सुटायच्या आधी बीजाणूच्या बुडाशी हवेतल्या बाष्पाचा एक सूक्ष्म थेंब जमतो. तो फुगत जातो आणि बीजाणूच्या अंगावरच्या पाण्याच्या पापुद्र्याला टेकला की क्षणात त्यात मिसळतो. त्या झटक्यानं बीजाणू उडतो. उडतो म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, समोरच्या पडद्याला धडकणार नाही इतपतच. मग सरळ खाली पडतो. पडदे उभे ओळंब्यात असले तरच तो अडकत नाही, म्हणून देठ वाकडा उगवला तरी टोपी आडवी ठेवायचा प्रयत्न करतो. टोपीखालून बाहेर पडला की पुढचं काम वाऱ्याचं. एक भरलेली छत्री असे बीजाणू अब्जांच्या संख्येनं सोडते. त्यातला एखादा योग्य ताटावर पडावा, त्याला जोडीदार मिळावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

शुक्रवारी सकाळी वाट्या उचलल्या. मामांच्या टोपीखाली पांढऱ्या कागदावर फिकट गुलाबी ठसा, पडद्यांच्या रेघांसकट. दुसऱ्या कागदावरची पूड मळकट हिरवी, शेवाळलेल्या पाण्याच्या रंगाची.

हिरवा ठसा देणारी मोठी भूछत्रं फार थोडी आहेत. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे त्यातलं ठळक नाव. पहिल्या शब्दाचा अर्थच हिरव्या पडद्यांचं. 1818 मध्ये मेयर यानं दक्षिण अमेरिकेतल्या एस्सेक्विबो नदीच्या परिसरातून त्याची नोंद केली, आणि उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवर ते सर्रास येतं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या, पेटके, जुलाब. वेळेवर पाणी-क्षार मिळाले तर बहुतेक जण सावरतात. घड्याळ, ताट, कडं, ठसा, सगळं एकाच नावाकडं बोट दाखवत होतं. कचऱ्याच्या डब्यातून निघालेले देठही तेच, सरकत्या कड्यांचे. कागदाचा फोटो मी डॉक्टरांना पाठवला. तोवर त्यांनी घरी सोडायचं ठरवलंच होतं, पण "हिरवा?" असं विचारून त्यांनी तो स्वतःकडं ठेवून घेतला.

एक खुलासा करायला हवा. गुलाबी ठसा म्हणजे खायला चालतं, असा अर्थ कुणी काढू नये. गुलाबी ठशाची विषारी भूछत्रंही आहेत, आणि पांढऱ्या ठशाच्या मंडळींत तर जीवघेणी जात बसलेली आहे. ठसा मी वापरला तो झालेल्या घटनेचा उलगडा करायला.

त्यानंतर

माळीकाकांनी सगळ्या छत्र्या उपटून टाकल्या. त्यानं बुरशीला काही झालं नाही, आंबे उतरवून झाड मरत नाही. बुरशीनाशक मारायचा दाजींचा विचार होता, पण कुठवर खोल आणि कुठवर रुंद मारणार? शेवटी करपलेल्या पट्ट्यात लोखंडी शिगेनं भोकं पाडून पाणी जिरवलं, गवत सावरलं. ऑक्टोबरात पुन्हा दोन छत्र्या आल्या, त्या पोरानं स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत भरून टाकल्या आणि हात धुतले. त्याला आता ठसे घ्यायचा नाद लागलाय.

मामा यंदा अळंबी पाठवताना पिशवीत वारुळाच्या मातीचं ढेकूळही टाकतात. ताई हसते, पण ढेकूळ बघितल्याशिवाय पिशवी फोडत नाही.

पहिल्या वर्षीच्या रिंगणावर मी चार दिशांना चार विटा पुरून ठेवल्या होत्या. या सप्टेंबरात उत्तरा नक्षत्राचा पाऊस पडल्यावर ताईनं फोटो पाठवला. छत्र्या आल्यात, विटांच्या वीतभर बाहेर.